वैर सोडणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. कळव्यातलं वन रूम किचन त्यांच्या आईच्या नावावर होतं. आई गेल्यावर दोन महिन्यांनी मोठा भाऊ म्हणाला, आता सगळ्यांची नावं लावून घेऊ, आणि त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेला. फोटो झाला, अंगठा झाला, सह्या झाल्या. सहा महिन्यांनी सोसायटीच्या ऑफिसात कळलं की सही केली ते हक्कसोडपत्र होतं आणि घर आता एकट्या भावाचं आहे. जाब विचारल्यावर भाऊ म्हणाला, "तू रोज विहारात जातेस ना? बुद्धांनी अंगुलिमालाला माफ केलं, तुला सख्ख्या भावाला माफ करता येत नाही?" विहारातल्या दोन मावश्याही तेच सांगतात. ताईंना विचारायचं आहे की कोर्टात गेलं तर धम्म सुटतो का. शिवाय रात्री झोप लागत नाही, भावाचं वाटोळं व्हावं असं मनात येतं आणि सकाळी पंचशील म्हणताना स्वतःची लाज वाटते, हे ढोंग आहे का? आणि पुढच्या महिन्यात आईचा पहिला स्मृतिदिन आहे, त्याला बोलवायचं की नाही?

ताई, मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळ राहते. शाळेत शिकवत होते, आणि गेली पंचवीस वर्षं विहारात मेत्ताभावनेचा, म्हणजे मनात मैत्री वाढवण्याच्या ध्यानाचा, वर्ग घेते. या वर्षांत क्षमेचा प्रश्न घेऊन आलेल्यांत बायका जास्त, आणि त्यातल्या निम्म्या तरी घराच्या, जागेच्या, दागिन्यांच्या फसवणुकीतून आलेल्या. त्या सगळ्यांना अंगुलिमालाची गोष्ट आधीच कुणीतरी ऐकवलेली असते. म्हणून आधी तीच नीट पाहू.

मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या अंगुलिमाल सुत्तात, म्हणजे उपदेशात, माणसं मारत सुटलेल्या अंगुलिमालाने शस्त्र टाकलं आहे, प्रव्रज्या घेऊन तो भिक्षू झाला आहे, मन लावून साधना केली आहे. त्यानंतर एक दिवस तो श्रावस्तीत भिक्षेला जातो. कुणी फेकलेलं ढेकूळ त्याच्या अंगावर येतं, कुणाची काठी, कुणाचे खडे. डोकं फुटतं, पात्र फुटतं, संघाटी, म्हणजे अंगावरचं चीवर, फाटते. रक्ताने माखलेला तो भगवंतांकडे येतो. भगवंत त्या वेळी श्रावस्तीच्या लोकांना बोलावून "याला क्षमा करा" असं सांगत नाहीत. ते अंगुलिमालालाच सांगतात, "अधिवासेहि", सहन कर, तुझ्या कर्माचं फळ तू इथेच भोगतो आहेस. ज्यांची माणसं मारली गेली त्या घरांना क्षमेचा उपदेश या सुत्तात कुठेही नाही. सहन करायला सांगितलं आहे ते ज्याने केलं त्याला. तुमच्या भावाने गोष्ट बरोबर निवडली, पण त्यातली आपली जागा चुकीची धरली.

आता "वैराने वैर शमत नाही" ही गाथा. आपल्याला ती पाठ असते, तिच्या आधीच्या दोन मात्र आपण घाईघाईत म्हणून टाकतो. धम्मपदातली तिसरी गाथा पाहा: "अक्कोच्छि मं अवधि मं, अजिनि मं अहासि मे; ये च तं उपनय्हन्ति, वेरं तेसं न सम्मति." मला शिव्या दिल्या, मला मारलं, मला हरवलं, माझं हिरावून घेतलं. "अहासि मे", माझं हिरावून घेतलं, हे तर तुमचंच गाऱ्हाणं आहे. ते घडलंच नाही असं गाथा म्हणत नाही, घडलेलं विसरून जा असंही म्हणत नाही. तिचा सगळा भार "उपनय्हन्ति" या क्रियापदावर आहे. त्यात बांधणं आहे, गुंडाळून ठेवणं आहे. जे ही गोष्ट मनाशी बांधून ठेवतात त्यांचं वैर शमत नाही. सोडायची आहे ती ही गाठ. घरातल्या हिश्शाविषयी या गाथेत एक अक्षर नाही.

याच गाथेशी जोडलेली दीघावु कुमाराची गोष्ट विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्गात आहे. कोसम्बीचे भिक्षू आपसात भांडत होते (आणि भांडण सुरू झालं होतं शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून, हे मी वर्गात मुद्दाम सांगते), तेव्हा भगवंतांनी ती सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलच्या दीघीतीचं राज्य घेतलं, पुढे त्याला आणि त्याच्या राणीला ठार मारलं. मरताना बापाने मुलाला सांगितलं की फार लांबवर पाहू नकोस, फार जवळचंही पाहू नकोस, वैराने वैर शमत नाही. दीघावु मोठा होऊन त्याच ब्रह्मदत्ताच्या सेवेत शिरला. एकदा रानात राजा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. दीघावुने तीनदा तलवार उपसली, तीनदा बापाचे शब्द आठवून म्यान केली. राजा जागा झाल्यावर दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं. बहुतेक जण गोष्ट इथे थांबवतात. मूळ कथा पुढे जाते: ब्रह्मदत्त त्याला बापाचं सैन्य, वाहनं, कोश, सगळं राज्य परत देतो. बापाने "लांबवर पाहू नकोस" म्हणजे वैर लांबवू नकोस असं सांगितलं होतं. राज्य परत घेऊ नकोस असं सांगितलं नव्हतं, आणि दीघावुनेही ते नाकारलं नाही. भगवंतांनी ही गोष्ट सांगूनही भिक्षूंनी भांडण थांबवलं नाही, तेव्हा ते एकटेच तिथून निघून गेले. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापासून दूर होणंही धम्मात बसतं.

आपल्यासाठी याहून जवळचं उदाहरण महाडचं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, माणसं जखमी झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा समोरच्यांनी कोर्टातून मनाई आणली. हजारो लोक जमलेले असतानाही त्यांनी ती मनाई पाळली आणि खटला लढवला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळं सर्वांना खुलं असल्याचा निकाल दिला. दहा वर्षं. या दहा वर्षांत हात उगारला नाही आणि हक्कही सोडला नाही. हे दीक्षेच्या कितीतरी आधीचं आहे, पण पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी ज्या दहा पारमितांची, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांची, प्रतिज्ञा दिली त्यातली खन्ति, म्हणजे सहनशीलता, कशी दिसते, हे मला या दहा वर्षांत सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आणि गृहस्थाने आपली मालमत्ता राखावी हे तर तथागतांनी उघड सांगितलं आहे. कोलियांचा दीघजाणू त्यांच्याकडे येऊन म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी माणसं, आम्हाला आमच्यापुरता धम्म सांगा. त्याला चार गोष्टी सांगितल्या, त्यातली दुसरी आरक्खसम्पदा. धर्माने, कष्टाने मिळवलेलं धन राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीत जळू नये, पाण्यात वाहू नये, आणि "न अप्पिया दायादा हरेय्युं", नावडत्या वारसदारांनी हरू नये, यासाठी ते सांभाळावं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत चोराच्या आणि आगीच्या शेजारी वारसदार बसले आहेत. आईचा हिस्सा मागताना धम्म सुटेल अशी भीती मनात असेल तर हे सुत्त वाचा, अंगुत्तर निकायात आठच्या निपातात, म्हणजे आठ-आठ गोष्टींच्या विभागात, आहे.

तेव्हा कोर्टात जायला हरकत नाही, आणि जायचं असेल तर उशीर करू नका. मी वकील नाही, पण इतक्या बायकांबरोबर कोर्टनाक्याला गेले आहे की एवढं सांगू शकते: फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला मुदत असते, साधारणपणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. "आधी मनातून क्षमा करते, मग बघते" असं म्हणत ही वर्षं घालवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना ना क्षमा करता आली, ना घर मिळालं. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. आईच्या मागे मुलगी मुलाइतकीच वारस, लग्न झालं असलं तरी. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. तिथे मध्यस्थीचीही सोय असते. आधी ती मागा. समोरासमोर बसून वाद मिटवणं, सम्मुखाविनय, हे संघातल्या वाद मिटवण्याच्या सात पद्धतींतलं पहिलं आहे.

कोर्टात जाताना शील कुठे लागतं ते मात्र नीट समजून घ्या. कुणीतरी तुम्हाला सुचवेल की भावाने मारहाण केली असंही लिहू, धमकी दिली असंही लिहू, म्हणजे केस भक्कम होते. तिथे चौथं शील, खोटं न बोलण्याचं, लागतं. झालं तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. दावा तुमच्या हिश्शाचाच करायचा, त्याच्या हिश्शाचा नाही. त्याच्या मुलांना यात ओढायचं नाही, त्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा करायचा नाही, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही ओळ टाकायची नाही. नोटीस पाठवण्याआधी त्याला एकदा स्वतः सांगा की मी हे करणार आहे. बोलण्याच्या पाच कसोट्या भगवंतांनी दिल्या आहेत, योग्य वेळी, खरं, मृदू, हिताचं, मैत्रीच्या मनाने. पाचवी आज जमणार नाही, मला माहीत आहे. पहिल्या चार तरी सांभाळा. रागाने केलेला दावा आणि शांतपणे केलेला दावा कागदावर सारखेच दिसतात. फरक तुम्ही तारखेहून घरी कशा परतता त्यात पडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. मी ढोंगी आहे का?

नाही. पंचशील म्हणताना आपण "सिक्खापदं समादियामि" म्हणतो, शिकण्याचा नियम मी स्वीकारते. शिकणाऱ्याचं चुकतं, म्हणून तर आपण रोज पुन्हा म्हणतो. शिवाय पंचशील मोडतं ते देहाने आणि वाणीने. तुम्ही भावावर हात टाकलेला नाही, त्याच्याविरुद्ध खोटं बोललेला नाहीत. मनात "त्याचं वाटोळं होवो" येतं त्याला व्यापाद म्हणतात, दहा अकुशल कर्मपथांत, म्हणजे वाईट कर्मांच्या वाटांत, ते येतं, ते हलकं नाही. पण ते तुम्हाला दिसतं आहे आणि बोचतं आहे, ही साधना चालू असल्याची खूण आहे. श्रावस्तीच्या वेदेहिकेची गोष्ट आठवा. शांत, सौम्य बाई म्हणून तिची गावभर ख्याती. तिची दासी काली हिला वाटलं, बाई खरंच शांत आहे की माझं काम चोख म्हणून शांत आहे? एक दिवस ती उशिरा उठली, दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, तिसऱ्या दिवशी त्याहूनही. तिसऱ्या दिवशी वेदेहिकेने दाराची खीळ तिच्या डोक्यात घातली. तुम्ही वीस वर्षं शांत होतात, ताई, पण कुणी तुमच्या घराला हात घातला नव्हता. आता घातला, आणि आतला राग वर आला. तरीही तुम्ही खीळ उचललेली नाही.

झोपेचं सांगते. कोधन सुत्तात म्हटलं आहे की वैरी आपल्या वैऱ्याचं सात प्रकारे वाईट चिंततो, त्यातलं एक म्हणजे याला झोप लागू नये. आणि रागावलेला माणूस मऊ गादीवरही तळमळतो, वैऱ्याची इच्छा स्वतःच पुरी करतो. भाऊ कळव्यात झोपला आहे आणि तुम्ही ऐरोलीत जाग्या आहात.

यावर काय करायचं? बहुतेक जण पहिल्याच रात्री त्या माणसाला मेत्ता द्यायला बसतात आणि दहा मिनिटांत दुप्पट संतापून उठतात. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी क्रम सांगितला आहे: आधी स्वतः, मग आदराचं, प्रेमाचं माणूस, मग ज्याच्याविषयी काही वाटत नाही असं कुणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. तेव्हा सध्या भावाला त्यात आणूच नका. रात्री स्वतःसाठी म्हणा, "अहं अवेरो होमि", मी वैरमुक्त होवो. मग तुमच्या मुलीसाठी. मग सकाळी दूध टाकणाऱ्यासाठी, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नसेल. तीन महिने एवढंच. भाऊ मध्येच डोक्यात आला तर त्याच्याशी वाद घालू नका, पुन्हा दूधवाल्याकडे या. द्वेष दूर करण्याच्या पाच उपायांत मेत्ता, करुणा आणि उपेक्षा यांच्यानंतर चौथा आहे तो "असति-अमनसिकार", त्या माणसाकडे लक्षच न देणं. हा उपाय कमी दर्जाचा समजू नका. कित्येक रात्री मी स्वतः त्यावर काढल्या आहेत.

नंतर भगवंतांचे शिष्य सारिपुत्त यांनी सांगितलेली चिंधी. चिंध्या गोळा करून चीवर शिवणाऱ्या भिक्षूला रस्त्यात फाटका कपडा दिसतो. तो डाव्या पायाने दाबून धरतो, उजव्या पायाने पसरतो, चांगला तुकडा फाडून घेतो आणि बाकीचा तिथेच टाकून पुढे जातो. ज्याचं वागणं वाईट पण बोलणं बरं, त्याच्या बाबतीत बोलणंच घ्यावं, असा तो दृष्टान्त आहे. तुम्ही ओघात लिहून गेलात की आई शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलात होती तेव्हा भाऊ रोज रात्री तिच्या उशाशी बसला. तो चांगला तुकडा आहे. तेवढा फाडून घ्या. तो घेतला म्हणून बाकीचं कापड धुतलं गेलं असं होत नाही, आणि बाकीचं घाण आहे म्हणून हा टाकून द्यायचीही गरज नाही.

उद्या भाऊ खरंच माफी मागायला आला तर? मगधाचा राजा अजातशत्रू याने बापाला मारल्याचं भगवंतांपुढे कबूल केलं, तेव्हा भगवंतांनी ते स्वीकारलं आणि सांगितलं की अपराध अपराध म्हणून पाहणं, धम्माप्रमाणे त्याची भरपाई करणं, पुढे संयम ठेवणं, यात आर्यांच्या विनयात वाढ आहे. तिन्ही गोष्टी लागतात. "झालं गेलं विसर" यात पहिलीही नाही. तो घराच्या कागदांवर तुमचं नाव लावायला तयार झाला, ती खरी माफी. अशी माफी आली तर मात्र ताणून धरू नका. अपराध न पाहणारा जसा मूर्ख, तसाच धम्माप्रमाणे मागितलेली क्षमा न स्वीकारणाराही मूर्ख, असं अंगुत्तर निकायात स्पष्ट आहे. अशोकाने कलिंगाच्या युद्धानंतर तेराव्या शिलालेखात लिहिलं की अपकार करणाऱ्यालाही, जेवढं क्षमा करता येण्यासारखं असेल तेवढं क्षमा करावं. त्या "जेवढं"मध्ये फार प्रामाणिकपणा आहे. त्याच्या आज्ञा आपल्या सोपाऱ्यातही कोरलेल्या होत्या, १८८२ मध्ये आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि पुढे नवव्याचा. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.

क्षमा मागणाऱ्याच्या बाजूनेही मी उभी राहिले आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे. चाळीत असताना भिशीच्या हिशोबात पैसे कमी आले आणि मी सगळ्यांसमोर शेजारणीवर आळ घेतला. महिन्याभराने माझ्याच वहीत चूक सापडली. तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले, तोंडच उघडेना. विनयात सुधम्म भिक्षूची हकीकत आहे. त्याने चित्त नावाच्या गृहपतीचा अपमान केला, संघाने त्याला जाऊन क्षमा मागायला सांगितलं, तो गेला आणि लाजेने तसाच परतला. मग संघाने त्याच्यासोबत एक भिक्षू दिला, अनुदूत म्हणून. ते वाचून मी एका मैत्रिणीला बरोबर घेतलं. गेले, सगळ्या चाळीच्या देखत बोलले. शेजारीण म्हणाली, "तुझे शब्द घेतले. पण आता येणं-जाणं नको." आणि तिने ते पाळलं. तेव्हा मला ते कठोर वाटलं. आज वाटतं, तिने वैर ठेवलं नाही आणि विश्वासही फुकट दिला नाही. तुम्हालाही असं करता येईल. क्षमा केली म्हणून पुन्हा कोऱ्या कागदावर सही करण्याइतका विश्वास ठेवायला तुम्ही बांधील नाही. विहारातल्या मावश्यांना हे सांगा, पण चिडून नको. त्यांनी कदाचित आपापले हक्क असेच सोडले असतील.

स्मृतिदिनाला भावाला बोलवा. निरोप दुसऱ्याकडून नको, स्वतः फोन करा, आणि फक्त तारीख, वेळ आणि "आईसाठी ये" एवढंच बोला. आला तर बुद्धवंदनेला आणि पुण्यानुमोदनाला त्याला पुढे बसू द्या, मोठा मुलगा आहे तो. भन्तेजींना चीवरदान, भोजनदान देताना ताटाला त्याचाही हात लागू द्या. घराचा विषय त्या दिवशी तुम्ही काढू नका. त्याने काढला, किंवा एखाद्या काकांनी सगळ्यांसमोर "आता मिटवून टाका" म्हटलं, तर आवाज न चढवता "त्याचं मध्यस्थीत बोलू, आज आईचा दिवस आहे" एवढं म्हणा, आणि पंगत वाढायला घ्या.